झडप वेळेआधी मिटली

सिद्धार्थभाऊंनी लायटर पेटवून पाइपाच्या काचेसमोर धरला. सायरन वाजला, लाल दिवा लागला आणि वर पाइपातली लोखंडी झडप खाडकन उघडली. ऑफिसच्या दारात जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर देवरावभाऊंनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"झालं मॅडम. आता भटजीले सांगतो, करा म्हनाव पूजा सुरू."

सिद्धार्थभाऊ या जिनातले फिटर. पंखे, पाइप, झडपा, सगळं त्यांच्याकडे. लायटर खिशात टाकता टाकता ते म्हणाले, "मशीन बाकी मस्त आनलं तुमी. पैले चालू केलं का पडद्यावर ठिपके यायचे, सावकाश. एक ठिपका आला का दम खाय, मंग दुसरा. आता बटन दाबलं का सारे ठिपके एकदमच. झटकन."

ते माझं कौतुक करत होते. पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला.

"हे ठिपके मुद्दाम सावकाश यायचे का भाऊ?"

"ते मले काय मालूम? पन यायचे सावकाश."

माझं हिंगणघाटात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे जिन अल्लीपूरच्या रस्त्यावर. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. काढलेली रुई हवेच्या जोरानं एका मोठ्या पाइपातून रुईच्या हॉलमध्ये जाऊन पडते. तिथे बाया ती पसरतात, ओढतात, दाबाच्या मशीनकडे ढकलतात. गुडघाभर रुईत उभं राहून काम.

कापसाबरोबर कधी खडा येतो, कधी खिळा. तो मशीनच्या सुरीवर घासला की ठिणगी उडते आणि रुईच्या एखाद्या पुंजक्याला धरते. रुई पेटली तरी लगेच जाळ दिसत नाही. आतल्या आत धुमसते. असा एक अंगार हॉलमधल्या ढिगात गेला तर बराच वेळ कोणाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा दारापर्यंत पोहोचणं कठीण असतं.

म्हणून पाइपावर एका जागी काच आणि तिच्यामागे ठिणगी ओळखणारा सेन्सर बसवलेला होता. पुढे काही अंतरावर झडप. सेन्सरला अंगार दिसला की झडप उघडायची आणि तेवढी रुई हॉलऐवजी बाहेरच्या अंगणात, सिमेंटच्या हौदात पडायची. हे सगळं सांभाळत होता ऑफिसच्या कोपऱ्यातला एक जुनाट कॉम्प्युटर. आजकाल या कामाला वेगळं पॅनल मिळतं आणि तेच वापरावं. पण हे फार पूर्वी नागपूरच्या एका इंजिनिअरनं स्वतः जुळवून दिलेलं होतं, आणि जे चालतं त्याला आपल्याकडे कोणी हात लावत नाही.

हात लागला तो खंडेनवमीला. त्या दिवशी जिनात सगळी यंत्रं बंद ठेवून पुजतात. दर वर्षी कोपऱ्यातला हा कॉम्प्युटर पूजेतून सुटायचा, कारण तो यंत्र आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नव्हतं. यंदा देवरावभाऊंच्या ध्यानात आलं. "वर्षभर जागते बिचारा, त्यालेबी एक दिवस आराम द्या," असं म्हणून त्यांनी तो बंद केला, पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. कित्येक वर्षांत दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त कधी बंद न राहिलेलं मशीन. दुसऱ्या दिवशी बटन दाबलं तर ते उठलंच नाही. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. जुने पार्ट गरम असेतोवर चालतात, एकदा थंड झाले की संपले. पण भक्तिभावानं मारलेला कॉम्प्युटर मी पहिल्यांदाच पाहिला.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी काटा पूजन होतं. म्हणजे वजनकाट्याची पूजा करायची, पहिल्या गाडीवाल्या शेतकऱ्याला दुपट्टा आणि नारळ द्यायचा आणि हंगाम सुरू करायचा. तेवढ्या दिवसांत मला हे उभं करायचं होतं.

डिस्क वाचली होती. तिच्यातून प्रोग्राम काढून घेतला. तो लिहिणाऱ्या इंजिनिअरचा नंबर कोणाकडेच नव्हता. जिनाच्या शेठनी नागपूरहून कोरा करकरीत कॉम्प्युटर पाठवला होता. त्यावर प्रोग्राम टाकला तर मशीन म्हणालं, हा इथे चालणार नाही. देवरावभाऊंना ते खरंच वाटेना.

"जुन्यावर चालते अन् नव्यावर नाई? हे काऊन असं?"

त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर. त्याला ठरावीक सूचनाच कळतात. हा आकडा उचल, त्यातून एक वजा कर, शून्य झाला का बघ, झाला नसेल तर मागे जा. अशा साध्या साध्या. या सूचनांच्या संचाला इन्स्ट्रक्शन सेट म्हणतात. प्रोसेसरची घराणी आहेत आणि एका घराण्याचा संच दुसऱ्याला कळत नाही. तुमच्या मोबाइलचं डोकं बहुतेक वेगळ्या घराण्याचं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं वेगळं. एकाच घराण्यात मात्र दर पिढी जुन्या सूचना सांभाळून त्यांत नव्यांची भर घालत आली. घरात नवा कुकर आला तरी आईचं पातेलं कोणी फेकत नाही, तसं. पण पातेली फार झाली की माळ्यावर जातात. नवा प्रोसेसर आजच्या पद्धतीनं चालायला लागला, ज्याला चौसष्ट बिट म्हणतात, की सगळ्यांत जुना सोळा बिटचा माळा बंद होतो. आमचा प्रोग्राम नेमका त्या माळ्यावरचा होता.

"मंग माळा उघडा ना," देवरावभाऊ म्हणाले.

तेच केलं. दुकानात मधल्या पिढीचा एक कॉम्प्युटर होता. त्याला मागे प्रिंटरचं जुनं सॉकेट होतं, ज्यातून सेन्सर आणि झडपेच्या तारा जात. त्याला विंडोजशिवाय, त्याच्या आधीच्या जुन्या डॉस या प्रणालीत सुरू करता येत होतं. म्हणजे प्रोसेसर आपल्या पणज्याच्या वयात जाऊन उभा राहतो आणि पणज्याला कळायच्या त्या सूचना पाळतो. प्रोग्राम सुरू झाला. लायटर लावला, झडप उघडली. तिथूनच टाळ्या आणि पेढे.

आता त्या ठिपक्यांचं.

त्या काळी प्रोग्राम लिहिताना थोडा वेळ थांबायचं असेल तर एक सोपी युक्ती होती. प्रोसेसरला सांगायचं, मोठ्या आकड्यापासून एक एक कमी करत शून्यापर्यंत ये, बाकी काही करू नकोस. मोजून होईपर्यंत वेळ जातो. किती जातो ते त्या मशीनवर करून बघायचं आणि आकडा ठरवायचा. ठिपके सावकाश येत होते याचा अर्थ प्रत्येक ठिपक्यानंतर असं मोजणं होतं. माझ्या मशीननं तेच आकडे मोजले, एकही न गाळता मोजले, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळं झालं.

ठिपके लवकर आले तर कोणाचं काही बिघडत नाही. पण प्रोग्राम लिहिणारा तोच माणूस झडपेसाठी दुसरी युक्ती कशाला करेल?

मी सिद्धार्थभाऊंना विचारलं, "अंगार दिसला की झडप लगेच उघडायची का?"

"नाई. जरासं थांबून. अंगार झडपेपाशी आला का उघडे अन् गेला का मिटे. आधीपासून उघडी ठेवली तं चांगली रुई बाहेर जाते ना. शेठनं तसंच बसवून घेतलतं."

म्हणजे माझी शंका खरी होती. आता अंगार दिसला की झडप लगेच उघडणार आणि तो तिथवर पोहोचायच्या आत मिटणार. सायरन वाजेल, दिवा लागेल, झडपेचा आवाज येईल आणि अंगार हॉलमध्ये जाईल. लायटरच्या टेस्टमध्ये हे दिसणारच नव्हतं, कारण लायटर आपण काचेसमोर धरून ठेवतो. सेन्सरला अंगार दिसत राहतो, झडप पुन्हा पुन्हा उघडी राहते. खरा अंगार थांबत नाही.

बाहेर फाटकापाशी अल्लीपूरचे मारोतराव आपली बैलगाडी घेऊन पहिल्या नंबरावर उभे होते. काट्याला आंब्याची पानं बांधून झाली होती.

"देवरावभाऊ, पंखा चालू करून पाइपातून खरा अंगार सोडून बघावा लागेल."

"काय म्हनता? काटा पूजनाच्या दिवशी आपल्या हातानं जिनात आग लावू?"

"आजच लावता येईल. आज हॉल रिकामा आहे, झाडलेला आहे. मुहूर्त झाला की तिथे रुई असेल."

"आताच तं चाललं सारं. टाळ्या वाजवल्या लोकायनं."

"टाळ्या माझ्यासाठी होत्या. अंगारासाठी नव्हत्या."

त्यांनी शेठना फोन लावला. तुम्हीच बोला म्हणून फोन माझ्याकडे दिला. शेठनी शांतपणे विचारलं, "मॅडम, लायटरनं चालतं ना?"

"चालतं. पण..."

"मग आज मुहूर्त होऊ द्या. टेस्ट नंतर सवडीनं करा."

फोन ठेवला. देवरावभाऊ भटजींकडे वळले. मी चिडले होते, पण चिडून काय करणार? जिन त्यांचं, हंगाम त्यांचा. मशीन उचलून घेऊन जाणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि मग ते झडपेशिवायच सुरू करतील हेही मला दिसत होतं.

तेवढ्यात कमलाबाई पुढे आल्या. रुईच्या हॉलमधल्या बायांच्या त्या म्होरक्या. हातात खराटा, डोक्याला रुमाल बांधलेला. हॉल त्यांनीच झाडून घेतला होता. आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"मॅडम, आमी जाऊ का आत?"

माझ्या धंद्यात "माहीत नाही" म्हणायची पद्धत नाही. गिऱ्हाइकासमोर आम्ही "होऊन जाईल" म्हणतो, "बघते" म्हणतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या बाईशी खोटं बोलवेना.

"मला माहीत नाही कमलाबाई. अंगार आला तर हे मशीन तो बाहेर टाकेल का, मला सांगता येत नाही."

कमलाबाईंनी मान हलवली. खराटा भिंतीला टेकवला आणि मागे वळून बाकीच्या बायांना म्हणाल्या, "चला वं, निंबाखाली बसू. मॅडमचं होऊ द्या."

कोणी आवाज चढवला नाही. बाया उठल्या आणि कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. देवरावभाऊ त्यांच्यामागे दोन पावलं गेले, थांबले, परत आले.

"मुहूर्त जाऊन राह्यला ना मॅडम."

फाटकाजवळून मारोतराव बोलले, "मुहूर्त दुपारचाबी काढता येते भाऊ. माहा कापूस कुठी पळून राह्यला का?"

भटजींनी पंचांग उघडलं. दुपारचाही एक चांगला वेळ निघाला. भटजींना घाई नव्हती हे माझं नशीब.

"करा," देवरावभाऊ म्हणाले. "पन पान्याचे ड्रम भरून ठेवा. अन् शेठले मी काई सांगत नाई."

हॉलच्या दोन्ही दारांत पाण्याचे ड्रम ठेवले. आत फक्त देवरावभाऊ आणि मी. सिद्धार्थभाऊंनी पंखा सुरू केला, पाइपाचं झाकण उघडलं, रुईचा एक लहानसा बोळा पेटवून फुंकला आणि लाल झाल्यावर आत सोडला.

सायरन वाजला. झडप वाजली. आणि पाइपाच्या तोंडातून तो बोळा उडत आला, हॉलच्या मधोमध फरशीवर पडला, घरंगळला आणि धूर सोडत तिथेच पडून राहिला.

देवरावभाऊ त्याच्याकडे बघत उभे राहिले. हातात बादली होती, पण पाणी टाकायचं त्यांना सुचेना. शेवटी मीच त्यांच्या हातातून बादली घेऊन टाकलं. मला भीती वाटली होती तेच घडलं होतं. उद्या याच जागेवर ढीग असता आणि ढिगात बाया.

"सायरन तं वाजला," ते हळूच म्हणाले.

"वाजला. झडपही उघडली. फक्त वेळेआधी मिटली."

मी ऑफिसात जाऊन प्रोग्राम उघडला. मूळ मजकूर नव्हता, पण डॉसमध्ये एक हत्यार असतं, ज्यानं प्रोसेसरच्या सूचना एकेक करून वाचता येतात. चाळत गेले. ठिपक्यांचं मोजणं सापडलं, मग झडपेचं. दोन जागी. एक उघडण्याआधीचं थांबणं, एक मिटण्याआधीचं. मोठा आकडा, एक कमी कर, शून्य नाही तर मागे जा. इतकं भाबडं लिखाण की त्या अनोळखी माणसाबद्दल मला जरा मायाच वाटली. त्याच्या मशीनवर ते बरोबर होतं.

आधी वाटलं, जुन्या प्रोसेसरला ही सूचना पाळायला किती वेळ लागायचा ते पुस्तकातून काढावं आणि तेवढंच थांबायला लावावं. ते आकडे मिळतात. तसा हिशोब मी केलाही. मग सिद्धार्थभाऊ म्हणाले की मागच्या हंगामात पंख्याचा पट्टा आणि पुली बदलली, हवा आता जास्त जोरात जाते. म्हणजे जुनं मशीन जिवंत असतं तरी त्याचा हिशोब आता चुकलाच असता. मी तो कागद बाजूला सारला.

"अंगार दिसताक्षणी झडप उघडणार," मी देवरावभाऊंना सांगितलं, "आणि चांगली उशिरानं मिटणार. वेळ मशीनमधल्या घड्याळाला विचारून मोजणार, आकडे मोजून नाही."

"चांगली रुईबी जाईन मंग बाहेर."

"जाईल."

ते कुरकुरतील असं वाटलं होतं. त्यांनी हॉलच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या."

सूचना बदलल्या. हे काम फार मोठं नसतं, पण एक अक्षर चुकलं तर प्रोग्राम सुरूही होत नाही आणि माझं एकदा चुकलंही. पुन्हा केलं. बाहेर बाया निंबाखाली शिदोऱ्या सोडून जेवायला बसल्या होत्या. मारोतरावांनी बैल सोडून सावलीत बांधले होते. माझ्या पोटात त्या पेढ्याखेरीज काही नव्हतं आणि भूकही नव्हती.

पहिला बोळा सोडला. सायरन, झडप. आम्ही हॉलमध्ये पाइपाच्या तोंडाकडे बघत उभे. काही आलं नाही. तरी हलायला मन होईना. मग अंगणातून सिद्धार्थभाऊंची हाक आली, "इकडं पडला, हौदात."

दुसरा सोडला. तोही हौदात. मग लागोपाठ दोन सोडले, कारण अंगार एकटाच येईल असं कोणी लिहून दिलेलं नाही. दोन्ही बाहेर. मग पंखा पूर्ण जोरावर नेऊन, मग कमी करून. मी थांबायलाच तयार नव्हते. शेवटी देवरावभाऊच म्हणाले, "मॅडम, होळीपर्यंतची रुई सारी आजच जाळता का?"

मी निंबाखाली गेले. "कमलाबाई, आता जायला हरकत नाही. पण सायरन वाजला की हातातलं टाकून बाहेर यायचं. झडप चालली की नाही हे बघत बसायचं नाही. आणि देवरावभाऊंनी नवीन पॅनल मागवलंच पाहिजे. हे तोवरचं आहे."

"हाव," कमलाबाई म्हणाल्या आणि डबा झाकून उठल्या.

काटा पूजन दुपारी झालं. मारोतरावांना दुपट्टा आणि नारळ मिळाला. शेठचा फोन आला तेव्हा देवरावभाऊंनी त्यांना उशिराचं काहीतरी कारण सांगितलं, ते मी ऐकलं नाही. पॅनल दिवाळीनंतर मागवलं आणि हंगाम अर्धा झाल्यावर ते आलं. तोवर माझंच मशीन चाललं.

तरुण मुलं दुकानात काम शिकायला येतात, त्यांना मी सांगते की नवा प्रोसेसर जुन्या सूचना पाळतो, ते त्याच्या घराण्याचं वचन आहे. पण त्या किती वेळात पाळीन असं वचन कोणत्याच पिढीनं कधी दिलेलं नाही. ते आपण आपल्या मनानं धरून चालतो. म्हणून जुनं काम नव्या मशीनवर चाललं की आधी टाळ्या वाजवू नका, ते खऱ्या चालीनं चालवून बघा.

हंगाम संपत आला होता तेव्हा हिंगणघाटच्या बाजारात कमलाबाई भेटल्या. मेथीच्या जुड्या चाळत होत्या. मी विचारलं, "पॅनल येण्याआधी झडप कधी खरोखर उघडली का हो?"

"उघडली ना. एक डाव. अंगार पडला तिकडं हौदात. आमी बाहेर आलो, सिद्धार्थभाऊनं पानी टाकलं, मंग परत गेलो कामाले."

"मला कोणी सांगितलंच नाही. कधी झालं हे?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "आता काय बाप्पा, ध्यानात नाई," असं म्हणाल्या आणि भाजीवाल्याला त्यांनी जुडीचा भाव विचारला.